डोंगरी बुजुर्ग आणि सेलमधली काळी भुकटी

नव्या यंत्राविषयी मत द्यायला आपल्याकडे कोणीही मागे राहत नाही. फोन असो, कॅमेरा असो की मुलांच्या हातातले खेळयंत्र, चर्चा पडद्यापासून सुरू होते, चिपवर येते, किमतीवर घुटमळते आणि अखेरीस कोणीतरी विचारतो, "बॅटरी किती टिकते?" हा प्रश्न बोलण्यात शेवटी येत असला तरी तंत्रज्ञानाच्या इतिहासात त्याचा मान बहुधा पहिला आहे. खिशात जाणाऱ्या यंत्रांचा इतिहास म्हणजे मोठ्या प्रमाणात त्यांच्या घटांचा इतिहास होय. आणि या इतिहासाचे एक प्रकरण भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात, चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणींत घडले आहे. भंडारा म्हटले की तांदूळ, तलाव आणि पितळी भांडी आठवतात. हे प्रकरण सहसा कोणाला आठवत नाही.

प्रथम घटाविषयी. जॉर्ज लेक्लांशे या फ्रेंच अभियंत्याने १८६६ साली जो विद्युतघट सिद्ध केला त्यात जस्त, कार्बन, नवसागराचे द्रावण आणि मँगनीज डायऑक्साइड अशी सामग्री होती. काचेच्या बरणीतला हा घट तारायंत्रासाठी उत्तम होता, पण तो आडवा केला की सांडे. १८८६ च्या सुमारास कार्ल गासनर या जर्मन संशोधकाने द्रावणाऐवजी घट्ट लगदा वापरला आणि जस्ताचेच भांडे केले. तोच आपला 'कोरडा सेल'. जुना सेल फोडून मधली काळी कांडी काढायची आणि तिने भिंतीवर रेघा ओढायच्या, हा उद्योग महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी केला आहे. त्या कांडीभोवतीची हात बरबटवणारी काळी भुकटी मात्र सगळे फेकून देत. खरी गंमत त्या भुकटीतच होती. जस्त झिजताना सुटलेले इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून, दिव्यातून किंवा रेडिओतून फिरून येतात आणि त्यांना शेवटी सामावून घेते ते मँगनीज डायऑक्साइड. ते नसेल तर कांडीवर हायड्रोजन साचून घट पाहता पाहता मंदावतो. संपत आलेले सेल उन्हात ठेवले की थोडे आणखी चालतात, हा घरोघरचा अनुभवही निराधार नाही. उबेने आतली रासायनिक क्रिया जलद होते आणि विसाव्यामुळे अडकलेली द्रव्ये पुन्हा पसरतात.

आता खाणीविषयी. १८९६ साली 'सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट' ही संस्था स्थापन झाली. पुढे तिचेच नाव 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी' असे झाले. ही कंपनी नोंदणीने ब्रिटिश होती. ज्या वर्षी हे सिंडिकेट उभे राहिले त्याच वर्षी अमेरिकेत 'कोलंबिया' नावाचा कोरडा सेल मोठ्या प्रमाणावर विक्रीला आला. या योगायोगापलीकडे दोहोंचा तेव्हा संबंध नव्हता. मध्य प्रांतातले मँगनीज त्या काळी हवे होते ते पोलादासाठी. बेसेमर पद्धतीच्या पोलादातला प्राणवायू आणि गंधक यांचा उपद्रव मँगनीजने दूर होतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झाले होते. भारतात आधुनिक पोलाद कारखाना म्हणावा असा टाटांचा. त्यातून पोलाद बाहेर पडू लागले ते १९१२ साली. तोवर, आणि नंतरही पुष्कळ काळ, इथले खनिज बंगाल नागपूर रेल्वेच्या वाघिणींतून बंदराला आणि तेथून जहाजाने विलायतेला जात होते. १९०५ च्या रशियातील उलथापालथीने कॉकेशसमधल्या खाणींचा पुरवठा विस्कळीत झाला, भाव चढले आणि मध्य प्रांतात खाणींचे पेव फुटले. पहिल्या महायुद्धापूर्वी भारत मँगनीजच्या जगातील अग्रगण्य उत्पादकांत मोडत होता. तुमसरहून तिरोडीकडे जाणारा रेल्वेफाटा आजही त्या काळाची साक्ष देतो. त्यावरील गोबरवाही, चिखला, डोंगरी बुजुर्ग ही स्थानके प्रवाशांइतकीच खनिजासाठी होती.

या खनिजाचे शास्त्रही याच भागात घडले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील लुईस ली फर्मर यांचा भारतातील मँगनीजच्या साठ्यांवरील प्रचंड ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला. नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्यात आढळणाऱ्या, मँगनीजयुक्त गार्नेट आणि गारगोटी यांच्या खडकाला फर्मर यांनी 'गोंडाइट' असे नाव दिले. ते गोंड लोकांवरून आलेले आहे. जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत हा शब्द रूढ झाला आणि ब्राझीलमध्ये किंवा आफ्रिकेत तसाच खडक सापडला तर त्यालाही तेच नाव मिळते. ज्यांच्या रानात खडक सापडला त्यांचे नाव खडकाला मिळाले, पण खडकाची मालकी मिळाली नाही. देवगडचे गोंड राजे गेले, नागपूरचे भोसले गेले, १८५४ साली राज्य खालसा झाले आणि सनदा, पट्टे, परवाने यांची भाषा बदलत गेली. शास्त्राने कृतज्ञता दाखवली ती शब्दकोशात. सातबाऱ्यावर तिचा काही परिणाम झाला नाही.

गावाच्या नावातही इतिहास आहे. 'बुजुर्ग' म्हणजे थोरले. पश्चिम महाराष्ट्रात ज्याचे 'बुद्रुक' झाले तोच हा फारसी शब्द वैनगंगेच्या खोऱ्यात मूळ रूपाजवळ राहिला. या थोरल्या डोंगरीची खाण उघडी आहे. शेजारची चिखल्याची भूमिगत. डोंगरीचे वैशिष्ट्य असे की तेथे पृष्ठभागाजवळच्या खनिजावर पाण्याची आणि हवेची क्रिया दीर्घकाळ होऊन डायऑक्साइडचे प्रमाण वाढलेले आढळते. पोलादवाल्याला मँगनीज हवे असते, मग ते कोणत्याही संयुगात असो. सेलवाल्याला मात्र डायऑक्साइडच हवे असते. त्यामुळे लेक्लांशेचा घट आणि तुमसर तालुका यांची जी गाठ १८९६ साली पडली नव्हती ती देशी सेल उद्योग वाढल्यावर पडली. देशातील डायऑक्साइड खनिजाच्या गरजेचा मोठा वाटा ही एक खाण भागवत आली आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खेड्यापाड्यांत विजेच्या तारांच्या आधी सेल पोहोचला. धानाच्या बांधीवर रात्री पाणी पाहायला निघालेल्या शेतकऱ्याच्या हातातली 'बॅटरी', ग्रामपंचायतीच्या ओसरीवरचा ट्रान्झिस्टर, पुढे भिंतीवरचे घड्याळ या सगळ्यांना तोच दीड व्होल्ट पुरत असे. तंत्रज्ञानाचा सर्वांत लोकशाही अवतार कोणता, असे विचारले तर मी संगणकाआधी सेलचे नाव घेईन. तो किराणा दुकानात मिळे, त्याला मीटर नसे आणि त्याचे बिल थकत नसे. अर्थात या लोकशाहीलाही मालक होते. देशातील सेलचा बहुतेकांना ठाऊक असलेला ब्रँड 'एव्हरेडी' हा दीर्घकाळ युनियन कार्बाइड इंडियाचा होता. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळमध्ये जिच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला तीच ही कंपनी. अमेरिकी कंपनीने आपला हिस्सा १९९४ साली विकला. त्या दहा वर्षांत घराघरांतल्या विजेरीत कोणाचे सेल आहेत, याचा विचार फारच थोड्यांनी केला असेल.

खेळयंत्रांकडे वळू. निन्तेन्दोने १९८९ साली 'गेम बॉय' आणले तेव्हा त्याचा पडदा हिरवट, एकरंगी आणि प्रकाशहीन होता. त्याच वर्षी अटारीचे 'लिंक्स' आणि पुढच्या वर्षी सेगाचे 'गेम गिअर' बाजारात आले. दोन्ही रंगीत, दोन्ही उजळ. कागदावरच्या तुलनेत गेम बॉय हरायला हवे होते. परंतु त्याला चार सेल पुरत आणि ते दहा-पंधरा तास सहज चालत. प्रतिस्पर्ध्यांना सहा सेल लागत आणि ते काही तासांत संपत. गुनपेई योकोई या त्याच्या रचनाकाराचे धोरणच होते की जुने, मुरलेले, स्वस्त तंत्र घेऊन त्यातून नवे काही करावे. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून जवळजवळ १२ कोटी नग विकले गेले. आपल्याकडे निन्तेन्दो थोड्यांच्याच घरी आले. बहुतेकांच्या वाट्याला जत्रेत आणि बसस्थानकावर मिळणारा 'ब्रिक गेम' आला. त्यातही हिशोब तोच, दोन-तीन सेलांत सुट्टी निघाली पाहिजे. खेळाचा निकाल चिपने नव्हे, सेलमधल्या भुकटीने लावला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होईल. पण फार मोठी नव्हे.

खुद्द भंडारा जिल्ह्याला यातून काय मिळाले? १९६२ साली भारत सरकार आणि ब्रिटिश कंपनी यांच्यात करार होऊन 'मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड' म्हणजे 'मॉइल' स्थापन झाली. तिचे ५१ टक्के भांडवल केंद्र आणि महाराष्ट्र व मध्य प्रदेश ही राज्ये यांच्याकडे होते, तर ४९ टक्के जुन्या कंपनीकडे. स्वातंत्र्यानंतर तीस वर्षांनी, १९७७ साली, तो उरलेला हिस्साही सरकारकडे आला. मुख्यालय नागपुरात. नोकऱ्या मिळाल्या, वसाहती उभ्या राहिल्या, हे खरेच. पण खनिजाची खरी किंमत वाढते ती खाणीनंतरच्या पायऱ्यांवर आणि त्या पायऱ्या बहुधा दुसरीकडे होत्या. तुमसरजवळ माणेकनगरला फेरोमँगनीजचा कारखाना निघाला, पण तो बंद पडून कित्येक वर्षे तसाच राहिला. ही भट्टी विजेवर जगते आणि विजेच्या दरावर मरते.

याला एक अपवाद डोंगरीतच घडला आणि माझ्या मते या सबंध इतिहासातील तीच सर्वांत महत्त्वाची घटना आहे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात मॉइलने तेथे इलेक्ट्रोलिटिक मँगनीज डायऑक्साइडचा कारखाना चालवला, तोही देशी तंत्रावर. पुढे त्याची क्षमता वर्षाला १,५०० टनांपर्यंत गेली. यात खनिज भाजून त्याचे मोनॉक्साइड करतात, ते गंधकाम्लात विरघळवतात, लोह आदी अशुद्धी काढून टाकतात आणि गरम द्रावणातून वीज सोडून धनाग्रावर शुद्ध डायऑक्साइडचा थर चढवतात. तो खरवडून दळला की जोमदार सेलला लागणारी भुकटी तयार होते. निसर्गाने हजारो वर्षे पाण्या-हवेने जे केले ते इथे काही दिवसांत, अधिक काटेकोरपणे होते. जागतिक मापाने १,५०० टन म्हणजे किरकोळ. तरीही रसायनशास्त्राची एक पायरी खाणीच्या तोंडाशी आली, एवढा त्याचा अर्थ मोठा आहे.

हा जुना हिशोब आज पुन्हा मांडण्याचे कारण असे की मँगनीजचा दुसरा डाव सुरू झाला आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत मायकेल थॅकरे यांनी लिथियम आणि मँगनीज यांच्या ऑक्साइडचा घटासाठी उपयोग दाखवून दिला. विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या बॅटऱ्यांत निकेल आणि कोबाल्टच्या जोडीने मँगनीज असते आणि महागडे कोबाल्ट कमी करण्यासाठी मँगनीजचे प्रमाण वाढवण्याचे प्रयोग चालू आहेत. त्यासाठी लागणारे अतिशुद्ध मँगनीज सल्फेट बहुतांशी चीनमध्ये तयार होते. युरोपीय संघाने २०२३ साली बॅटरी-दर्जाचे मँगनीज आपल्या सामरिक कच्च्या मालात गणले. भारताने त्याच वर्षी ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी जाहीर केली. तीत लिथियम, कोबाल्ट, निकेल, ग्राफाइट आहेत, मँगनीज नाही. खनिज आपल्याकडे आहे म्हणून काळजी नको, असा विचार त्यामागे असू शकतो. पण खनिज तर आपल्याकडे १९०५ सालीही होते. प्रश्न तेव्हाही पुढच्या पायरीचा होता.

आणि पायरी मागायची तर तिची धूळही मोजावी लागते. मँगनीजची भुकटी वर्षानुवर्षे श्वासात गेली तर चाल बिघडते, हात कापतात, चेहरा निर्विकार होतो. मँगनीज डायऑक्साइड दळणाऱ्या कामगारांत हे प्रथम पाहून ग्लासगोच्या कूपर यांनी १८३७ साली, म्हणजे लेक्लांशेच्या घटापूर्वी २९ वर्षे, त्याची नोंद केली. शुद्धीकरण आपल्या जिल्ह्यात हवे, असे म्हणणाऱ्याने आम्ल, सांडपाणी आणि फुप्फुसे यांचा हिशोबही आपल्याच वहीत मांडायला हवा. दूरच्या देशात होणारे शुद्धीकरण आपल्याला स्वच्छ वाटते, कारण त्याचा गाळ आपल्याला दिसत नाही.

तंत्रज्ञानाच्या बातम्यांवर मते जरूर मांडावीत. कोणता पडदा उजळ आणि कोणते यंत्र चपळ, या वादांतही आनंद आहे. मात्र नव्या बॅटरीची बातमी वाचताना आणखी एक प्रश्न विचारायची सवय लागायला हवी: हिच्यातली भुकटी कोठून येणार, ती कोण दळणार आणि दळण्याची मजुरी कोणत्या गावात राहणार? डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीत या प्रश्नाचे शंभराहून अधिक वर्षांचे उत्तर थराथराने दिसते. नवे उत्तर वेगळे यावे असे वाटत असेल तर हा प्रश्न भंडाऱ्यातूनच, आणि बॅटरी बाजारात येण्याआधी, विचारला गेला पाहिजे.