साखळीचा अष्टमांश इंच

पृथ्वीच्या मापाचा एक मोठा दोर आपल्या वऱ्हाडांतून गेलेला आहे, हें फार थोड्यांस ठाऊक असेल. १८०२ सालीं विल्यम लॅम्बटननें मद्रासेस आरंभिलेली त्रिकोणमितीय मोजणी १८२२ सालीं एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, मुलखांत पोंचली. एक पायारेषा शंभर फुटी पोलादी साखळीनें मोजावयाची आणि पुढील शेंकडों मैल कोनांवरून गणितानें काढावयाचे, अशी ही रीत. पण उष्णता दहा अंश सेंटिग्रेड वाढली कीं साखळी सुमारें अष्टमांश इंच लांबते. सात मैलांच्या रेषेंत तीच चूक चार फुटांवर जाते आणि पुढें प्रत्येक त्रिकोणांत उतरते. म्हणून साखळीजवळ उष्णतामापक हवाच. लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजीं हिंगणघाटास वारला. काम जॉर्ज एव्हरेस्टनें हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलें.

वऱ्हाडाशेजारींच, हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथजवळ, गुरुत्वलहरींच्या वेधशाळेस २०२३ सालीं सरकारी मान्यता मिळाली. तिच्या चार किलोमीटरच्या भुजांत प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनही सूक्ष्म फरक टिपावा लागेल; तेव्हांच कोट्यवधि प्रकाशवर्षांवरील कृष्णविवरांच्या टकरीची वार्ता कळेल. अष्टमांश इंचाची उपेक्षा न करणाऱ्यांसच पृथ्वी मोजतां आली; आकाशाचाही नियम तोच.