चिनी भाषेतील स्थळ व दिशा

चिनी भाषेतील स्थळ व दिशा : वस्तू कोठे आहे आणि हालचाल कोणीकडे होत आहे, हे सांगण्याची चिनी भाषेतील व्यवस्था. येथील विवेचन मँडरिन म्हणजे प्रमाण चिनीपुरते आहे. उच्चार देवनागरीत जवळपासचे दिले असून सूर दाखवलेले नाहीत.

स्थितिदर्शक शब्द : चिनीत वस्तू आपोआप ‘जागा’ ठरत नाही, तिला जागा करावी लागते. हे या व्यवस्थेचे मर्म होय. ते काम ‘फांगवेइत्स’ म्हणजे स्थितिदर्शक शब्द करतात : शांग (वर), श्या (खाली), छ्येन (पुढे), हौ (मागे), ली (आत), वाय (बाहेर) इत्यादी. ‘शू त्साय ज्वोत्स शांग’ याचा क्रमाने अर्थ ‘पुस्तक–असणे–टेबल–वर’. यातला शेवटचा ‘शांग’ गाळता येत नाही. मराठी ‘टेबलावर’मधील ‘वर’सारखाच तो नामामागून येतो. याउलट बेइजिंग हे मुळातच जागेचे नाव, म्हणून ‘त्साय बेइजिंग’ एवढेच पुरते. पुढे ‘ली’ लावणे चूक ठरते. माणूसही जागा नव्हे. ‘माझ्याकडे ये’ म्हणताना ‘दाव वो जली लाय’ म्हणतात. त्यात ‘वो’ (मी) या शब्दाला ‘जली’ (इथे) जोडावाच लागतो.

‘शांग’चा पल्ला मराठी ‘वर’पेक्षा मोठा आहे. भिंतीवरचे चित्र, वर्तमानपत्रातली बातमी आणि ‘जगात’ या तिन्ही ठिकाणी तोच येतो. शब्दक्रमानेही अर्थ बदलतो. ‘शू त्साय ज्वोत्स शांग’ या वरच्या वाक्यात पुस्तक ओळखीचे आहे. ‘ज्वोत्स शांग यौ ई बन शू’ म्हटले, की टेबलावर कुठलेसे एक पुस्तक आहे, असे होते.

हालचाल : गतीची दिशा ‘लाय’ (येणे) व ‘छ्यू’ (जाणे) यांनी बोलणाऱ्याच्या जागेवरून ठरते. दारातल्या माणसाला खोलीत बसलेला ‘जिन लाय’ (आत ये) म्हणेल, त्याच्यासोबत बाहेर उभा असलेला ‘जिन छ्यू’ (आत जा). अशी क्रियापदे एकापुढे एक रचता येतात : ‘फाव छू लाय’ म्हणजे पळणे–बाहेर पडणे–येणे, अर्थात पळत बाहेर येणे. स्थळाचे नाव मात्र मधे बसते. ‘फाव जिन ज्यावशी छ्यू’ (पळत वर्गात जाणे) यात ‘ज्यावशी’ हा वर्ग.

मुख्य दिशा : दोंग (पूर्व), नान (दक्षिण), शी (पश्चिम) व बेइ (उत्तर). उपदिशांना आग्नेय, ईशान्य यांसारखी स्वतंत्र नावे नाहीत. दोन शब्द जोडतात आणि पूर्व-पश्चिम आधी येते. आग्नेय म्हणजे ‘दोंगनान’, वायव्य म्हणजे ‘शीबेइ’. बेइजिंग ‘उत्तर राजधानी’, नानजिंग ‘दक्षिण राजधानी’; हूबेइ व हूनान हे प्रांत ‘सरोवराच्या उत्तरेचा’ व ‘दक्षिणेचा’. नदीचा उत्तर काठ व डोंगराची दक्षिण बाजू यांना ‘यांग’ म्हणत; ल्वो नदीच्या उत्तरेचे नगर म्हणून ल्वोयांग. सम्राट दक्षिणेकडे तोंड करून बसे, त्यामुळे त्याच्या डाव्या हाताला पूर्व येई. म्हणूनच यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यातील ‘ज्यांगदोंग’ (नदीच्या पूर्वेचा) या प्रदेशाला ‘ज्यांगत्स्वो’ (नदीच्या डावीकडचा) असेही जुने नाव आहे. होकायंत्रालाही चिनीत ‘दक्षिण दाखवणारी सुई’ म्हणतात.

काळ : स्थळाचेच शब्द काळालाही लागतात. मागचा महिना ‘शांग’ म्हणजे वरचा, येणारा ‘श्या’ म्हणजे खालचा. कालच्या आधीचा दिवस ‘छ्येनथ्येन’ (पुढचा दिवस) आणि उद्यानंतरचा ‘हौथ्येन’ (मागचा दिवस). मराठीत या दोन्ही दिवसांना ‘परवा’ हा एकच शब्द चालतो, कारण ‘गेलो’ की ‘जाईन’ यावरून उलगडा होतो. चिनी क्रियापद काळाप्रमाणे रूप बदलत नाही. तिथे हा भेद ‘छ्येन’ आणि ‘हौ’ हे स्थळाचे शब्दच सांभाळतात.