आरोप, खटला आणि कालमर्यादा : कॅनडाच्या फौजदारी कायद्याची वाटचाल

२०२४च्या जूनपर्यंत बेळगावच्या न्यायालयात ज्यांनी कुणी साक्ष दिली, त्यांनी ती जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्या कायद्याखाली दिली. १८६९ ते १८७२ या काळात स्टीफन व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य होते. १८७२चा भारतीय पुरावा कायदा त्यांच्याच लेखणीतून उतरला आणि दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकला. याच स्टीफन यांचा हात कॅनडाच्या कायद्यालाही लागला आहे, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते.

हिंदुस्थानातला फौजदारी कायदा १८६० सालीच एका संहितेत बांधला गेला होता. इंग्लंडलाही तशीच लेखी संहिता हवी, असे स्टीफन यांच्या मनाने घेतले. मायदेशी परतल्यावर त्यांनी मसुदा तयार केला. राजनियुक्त आयोगाने तो तपासलाही, पण ब्रिटिश पार्लमेंटने तो कधीच मंजूर केला नाही. इंग्लंडात पडून राहिलेल्या त्या मसुद्याचा कॅनडाने आधार घेतला. न्यायमंत्री जॉन थॉम्पसन यांच्या पुढाकाराने १८९२ साली क्रिमिनल कोड मंजूर झाला आणि १ जुलै १८९३ रोजी लागू झाला. पुष्कळ दुरुस्त्या झाल्या तरी परंपरा तीच आहे.

या संहितेत गुन्ह्यांचे तीन प्रकार आढळतात. किरकोळ ते ‘समरी’, गंभीर ते ‘इन्डाइटेबल’. तिसरा ‘हायब्रिड’, त्यात खटला कोणत्या वाटेने चालवायचा हे सरकारी वकील ठरवतो. फौजदारी कायदा करणे केंद्राकडे आणि न्यायदानाची व्यवस्था प्रांतांकडे, ही वाटणी १८६७ची आहे. म्हणून ऑन्टारियोत पोलीस स्वतः आरोप दाखल करतात, तर ब्रिटिश कोलंबियात आधी सरकारी वकिलाची मान्यता लागते.

संहितेने गुन्हा म्हणजे काय ते सांगितले. आरोपीचे हक्क राज्यघटनेत बसायला मात्र १९८२ साल उजाडले. त्या वर्षीच्या हक्कांच्या सनदेने अटकेचे कारण कळण्याचा, विनाविलंब वकील मिळण्याचा, सबळ कारणाशिवाय जामीन न नाकारला जाण्याचा आणि दोष सिद्ध होईपर्यंत निर्दोष मानले जाण्याचा हक्क दिला. वाजवी मुदतीत खटला चालण्याचा हक्कही तिच्यातच आहे. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक दार उघडले : सरकारी वकिलाने आपल्याजवळचा खटल्याशी संबंधित सगळा पुरावा आरोपीला दाखवलाच पाहिजे.

‘वाजवी मुदत’ म्हणजे किती, हा प्रश्न १९९०च्या अ‍ॅस्कॉव्ह खटल्यात ऐरणीवर आला. त्या निकालानंतर एकट्या ऑन्टारियोत वर्षभरात ४७,०००हून अधिक आरोप थांबवले किंवा मागे घेतले गेले. तरीही दिरंगाई सरली नाही. अखेर २०१६ साली जॉर्डन खटल्यात न्यायालयाने आकडेच घातले : प्रांतिक न्यायालयात १८ महिने, वरिष्ठ न्यायालयात ३० महिने. आरोपीच्या बाजूने झालेला उशीर त्यात धरत नाहीत. मर्यादा ओलांडली आणि सरकारला अपवादात्मक कारण दाखवता आले नाही, तर खटला कायमचा थांबतो. यात गुन्ह्याला बळी पडलेल्याचा न्यायही कधी हरवतो, ही या नियमाची जड किंमत आहे. पण तारखांमागून तारखा पाहत आयुष्य काढणारी माणसे आपण पाहिली आहेत; तीही किंमतच होती.

हे सारे आपल्याला कशाला, असे विचाराल. आपल्यापैकी काहींची मुले-नातवंडे आज तिकडे आहेत. पहाटे फोन येतो, ‘पोलिसांनी आरोप ठेवला’, आणि घर हादरते. डॉक्टर म्हणून सांगतो, लक्षण म्हणजे निदान नव्हे, तसा आरोप म्हणजे दोष नव्हे. मुलाला एवढेच सांगा : शांत राहा, गप्प राहा, वकील मागा. आणि दंड भरून सुटका होतेय म्हणून घाईने गुन्हा कबूल करू नका. दारू पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्याला डिसेंबर २०१८ पासून कमाल १० वर्षांची शिक्षा आहे. त्यामुळे नुसता दंड झाला तरी कायम रहिवाशाचे तिथले वास्तव्य धोक्यात येऊ शकते. दीडशे वर्षांच्या या वाटचालीने आरोपीला वेळ आणि वकील दिला आहे. त्यांचा उपयोग करून घेण्याइतका धीर घरच्यांनी द्यायचा.