बियाण्यापासून हिरवळ: यशाचे मर्म पूर्वतयारीत

घरापुढील अंगण असो वा सार्वजनिक उद्यान, हिरवळ तीन प्रकारे तयार करता येते: गवताचे तयार गालिचे अंथरून, मुळ्या लावून किंवा बी पेरून. यांपैकी पेरणीचा मार्ग कमी खर्चाचा असला, तरी तो सर्वाधिक संयमाची अपेक्षा करतो. उगवण विरळ झाली की दोष बियाण्याला दिला जातो. परंतु गवताची निवड, जमिनीची मशागत आणि पेरणीचा हंगाम यांतील चुकाच अनेकदा त्यास कारणीभूत असतात.

गवताची निवड

देशाच्या मैदानी भागात हरळी, म्हणजेच दूर्वा, हे हिरवळीसाठी सर्वांत उपयुक्त गवत होय. शेतकरी ज्या चिवटपणामुळे तिला तण मानून उपटतो, तोच गुण हिरवळीला तारतो. तिला दिवसातून किमान सहा तास ऊन लागते. दाट सावलीत ती तग धरत नाही. उत्तर भारतातील थंडीत ती तपकिरी पडते आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीस पुन्हा फुटते. सिमला, श्रीनगर यांसारख्या थंड प्रदेशांत मात्र राय गवत, फेस्क्यू किंवा केंटकी ब्लू ग्रास निवडावे. गोल्फच्या मैदानांवरील टिफड्वार्फसारख्या संकरित जातींना रुजणारे बी धरत नाही. त्या मुळ्यांपासूनच वाढवाव्या लागतात.

जमिनीची तयारी

जमीन २५ ते ३० सेंटिमीटर खोल खणून दगड, विटांचे तुकडे व मुळ्या वेचाव्यात. त्यावर चांगल्या कुजलेल्या शेणखताचा दोन ते तीन सेंटिमीटरचा थर पसरून तो मातीत मिसळावा. जागा सपाट करताना घराच्या विरुद्ध दिशेस किंचित उतार ठेवावा. त्यानंतर लगेच पेरणी न करता दोन-तीन आठवडे पाणी द्यावे, म्हणजे मातीत दडलेले तण उगवून येईल. ते काढून टाकावे. लव्हाळ्याच्या गाठी तर खणूनच काढाव्यात. पुढील अनेक महिन्यांची खुरपणी या एका टप्प्याने वाचते.

पेरणी

हरळीच्या बियाण्याला उबदार माती हवी. त्यामुळे मैदानी भागात फेब्रुवारीअखेर ते मार्च किंवा पावसाळ्याचा आरंभ हा काळ योग्य ठरतो. कोकणासारख्या अतिवृष्टीच्या भागात मुसळधार पावसात बी वाहून जाते. तेथे पावसाचा जोर ओसरल्यावर पेरावे. बी अत्यंत बारीक असते. शंभर चौरस मीटरला ३०० ते ५०० ग्रॅम पुरते. दुप्पट चाळलेली माती त्यात मिसळावी आणि वारा नसताना अर्धे बी उभे, तर अर्धे आडवे फेकावे. वरून अर्ध्या सेंटिमीटरहून अधिक माती टाकू नये. हलका रूळ फिरवून झारीने पाणी द्यावे. उबदार मातीत दहा दिवस ते तीन आठवड्यांत अंकुर दिसू लागतात. तोवर वरचा थर एकदाही सुकता कामा नये.

कापणी आणि पाणी

गवत पाच सेंटिमीटर झाल्यावर पहिली कापणी करावी. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग कापू नये. पाते धारदार असावे. बोथट पात्याने पाती फाटतात व टोके करपतात. बारीक कापलेले गवत तेथेच राहू दिल्यास त्यातील नत्र जमिनीला परत मिळते.

मुळे स्थिरावल्यावर रोज शिंपडण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने भरपूर पाणी द्यावे, म्हणजे मुळे खोल जातात. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. शंभर चौरस मीटरवर पाच मिलिमीटर पाणी देण्यास ५०० लिटर लागतात. ज्या गावात उन्हाळ्यात पिण्यासाठी टँकर येतो, तेथे हा हिशेब पेरणीपूर्वीच करावयास हवा. सुदैवाने, मुरलेली हरळी पाण्याअभावी वाळल्यासारखी दिसली, तरी तिच्या जमिनीखालील मुळ्या जिवंत राहतात आणि पहिल्या पावसात पुन्हा फुटतात. उन्हाळ्यात तिला विसावू द्यावे आणि जेवढे पाणी उपलब्ध, तेवढीच हिरवळ करावी.