दोन द्वारका आणि एक काच

द्वारकेस बदली झाली असे गावी कळविले, की घरची वडीलधारी माणसे प्रथम समुद्रस्नानाची चौकशी करतात. ही द्वारका गुजरातेतील नव्हे, दिल्लीच्या नैर्ऋत्येस पप्पनकलाँ या गावाच्या परिसरात दिल्ली विकास प्राधिकरणाने वसविलेली आहे, आणि येथून समुद्र शेकडो मैल दूर आहे, हे त्यांना समजावून सांगावे लागते. तथापि या दोन द्वारकांना जोडणारा एक धागा आहे, आणि तो आपण रोज डोळ्यांनी पाहतो. तो धागा म्हणजे काच.

हा विचार मनात येण्यास कारण तसे क्षुल्लक होते. येथील एका सहकारी संकुलात आठव्या मजल्यावर राहणाऱ्या एका स्नेह्यांच्या गॅलरीत आम्ही चहा घेत बसलो होतो. गॅलरीचा कठडा काचेचा; दोन काचांच्या मध्ये पारदर्शक पापुद्रा घालून सांधलेला. वरून पाहता तो निर्मळ होता. पण खालच्या कडेला, जेथे काच धातूच्या खोबणीत बसविली होती, तेथे बोटभर रुंदीचा दुधी पट्टा उमटला होता. सफाई कामगाराने त्यावर तेजाब लावून पाहिले. बाहेरचे पांढरे डाग गेले. आतला पट्टा तसाच राहिला. स्नेही म्हणाले, ‘काचेला काही होत नाही असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मग हे काय झाले?’ प्रश्न साधा होता; पण त्याचे उत्तर शोधू गेल्यास कोल्हापूर, तळेगाव, बहजोई आणि ओखामंडळ असा बराच प्रवास करावा लागतो.

काच अविनाशी आहे ही समजूत मुळातच अर्धसत्य आहे. निव्वळ वाळू वितळवून काच करता येते. परंतु तिला सुमारे १,७०० अंशांची उष्णता लागते, आणि ती सामान्य भट्टीस झेपत नाही. म्हणून वाळूत सोडा घालतात. सोड्याने वाळू लवकर वितळते; पण केवळ वाळू आणि सोडा यांचा रस थंड केला तर जो पदार्थ मिळतो तो पाण्यात विरघळतो. त्याला स्थैर्य यावे म्हणून तिसरा घटक, चुना, घालावा लागतो. आजच्या खिडकीच्या काचेत सुमारे ७२ टक्के सिलिका, १३-१४ टक्के सोडा आणि ९ टक्क्यांच्या आसपास चुना असतो. म्हणजे जो सोडा काचेला जन्म देतो तोच तिचा दुबळेपणाही आहे. काचेच्या साऱ्या इतिहासाकडे या एका दृष्टीने पाहिले असता तो नव्याने उलगडतो.

आपल्या देशात काच प्राचीन आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली डॉ. सांकलिया आणि डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी जे उत्खनन केले, त्यात काचेचे मणी व बांगड्यांचे तुकडे सापडले. पुढे दीक्षितांनी भारतीय काचेचा इतिहास इंग्रजीत लिहिला व तो १९६९ साली मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केला. हिंदुस्थानातील पुष्कळशा जुन्या काचेत ॲल्युमिनाचे प्रमाण अधिक आढळते. उत्तरेकडील जमिनीवर उन्हाळ्यात जो पांढरा रेह फुलतो त्यात सोडा असतो. तो आणि मातकट वाळू यांपासून कारागीर काच करीत, आणि त्या मातीबरोबर ॲल्युमिना आपसूक येई. ॲल्युमिना काचेला पाण्यापुढे टिकाव धरण्याचे बळ देतो. त्या कारागिरांना हे रसायन सूत्ररूपाने ठाऊक असण्याचा संभव नाही. पण त्यांचे मणी शतकानुशतके ओल्या मातीत राहूनही ओळखू येतात, हा काही थोडा पुरावा नव्हे.

अर्वाचीन काळी महाराष्ट्राने काचेच्या धंद्यात जे पाऊल टाकले ते लोकवर्गणीचे होते. प्रत्येकाने निदान एक पैसा द्यावा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभे राहावेत, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना. लोकमान्यांनी तिला पाठबळ दिले, आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. जपान आणि अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी आरंभी त्याची धुरा वाहिली. कारखान्याबरोबर तेथे शिक्षणाचीही सोय होती, आणि हेच त्याचे मोठे कार्य ठरले; कारण तळेगावी शिकलेली माणसे देशातील इतर भट्ट्यांवर गेली. वार्ष्णेय स्वतः पुढे उत्तर प्रदेशात गेले. तेथे बहजोईस त्यांनी जो कारखाना काढला, तो खिडक्यांची सपाट काच करणाऱ्या आपल्याकडील आरंभीच्या कारखान्यांपैकी होय. आपल्यासारख्या परमुलखात नोकरी करणाऱ्यांना ही गोष्ट विशेष जवळची वाटावी: महाराष्ट्राच्या पैशावर उभी राहिलेली विद्या उत्तर प्रदेशात फळास आली.

परंतु या धंद्याचे दुखणे पुन्हा सोड्यापाशीच होते. जकात मंडळाने १९३२ साली काच उद्योगाला संरक्षण देण्याची शिफारस केली. सरकारने १९३५ साली ती फेटाळली. कारण सांगितले ते असे की, काचेचा एक मुख्य कच्चा माल जो सोडा ॲश, तो या देशात पुरेसा तयार होत नाही, तो बाहेरून आणावा लागतो. वाळू आपली, कोळसा आपला, कारागीर आपला. पण अल्कली परकी. एका पांढऱ्या भुकटीवाचून एका उद्योगाचा दावा निकालात निघाला.

आणि येथेच पहिल्या द्वारकेचा संबंध येतो. द्वारकाधीशाचे मंदिर ज्या ओखामंडळात आहे, तो मुलूख त्या वेळी बडोद्याच्या गायकवाडांच्या अंमलाखाली होता. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत तेथे कपिलराम वकील यांनी मिठागराचा उद्योग उभारला. समुद्राचे मीठ आणि जवळपासचा चुनखडक, हे दोन्ही असल्यावर अमोनियाच्या साह्याने सोडा ॲश करता येतो. १९३९ साली टाटा केमिकल्सची स्थापना झाली, आणि द्वारकेपासून फारशा लांब नसलेल्या मिठापूर येथे तिचा कारखाना उभा राहिला. ज्या सोड्याच्या अभावी १९३५ साली काचउद्योगाला नकार मिळाला, तो सोडा द्वारकेच्या किनाऱ्यावर, मराठी राजाच्या मुलखात तयार होऊ लागला, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता दुसऱ्या द्वारकेकडे वळू. येथे २००५ च्या अखेरीस मेट्रो आली, २०२३ च्या सप्टेंबरात यशोभूमी हे विशाल संमेलनकेंद्र उघडले, आणि दगडविटांच्या जागी काच दिसू लागली. यातील पुष्कळशी काच सांधलेली असते. तिची जन्मकथा फ्रान्समधील एदुआर बेनेदिक्तुस या रसायनज्ञाच्या नावाने सांगतात. १९०३ साली त्याच्या प्रयोगशाळेत एक काचपात्र खाली पडले; तडे गेले, पण तुकडे विखुरले नाहीत, कारण आतील सेल्युलोज नायट्रेटचा द्राव सुकून त्याचा पापुद्रा जमला होता. १९०९ साली त्याने पेटंट घेतले. पहिल्या महायुद्धात ही काच विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांत वापरली गेली. मात्र तो पापुद्रा उन्हाने पिवळा पडे. १९३०-४० च्या दशकात त्याची जागा पॉलिव्हिनिल ब्युटिरल या नव्या द्रव्याने घेतली, आणि आजही बहुतेक ठिकाणी तेच वापरतात.

या रचनेत एक मर्म आहे. बाहेरची काच हायड्रोफ्लुओरिक सोडल्यास बहुतेक आम्लांना दाद देत नाही. तीव्र अल्कली आणि साचलेले पाणी मात्र तिला हळूहळू खातात. पाणी काचेतील सोडियम ओढून घेते, त्यामुळे ते स्वतः अल्कधर्मी होते, आणि असे पाणी एकाच जागी राहिले की पुढे सिलिकेच्या सांगाड्यालाही पोखरते. वाहते पाणी म्हणूनच कमी घातक, साचलेले अधिक. नव्या इमारतीवरून ओघळणारे सिमेंटचे पाणी याच कारणाने काचेवर कायमचे चट्टे उठविते. आतला पापुद्रा मात्र निराळ्या प्रकृतीचा. तो दोन काचांमध्ये सुरक्षित असतो, पण कडेला उघडा पडतो. तो ओल शोषतो, आणि मद्यार्कात तर विरघळतो. ओल शिरली की तो दुधी होतो व पुढे काचेपासून सुटू लागतो. सांध्यात भरलेल्या लुकणातून शिर्क्यासारखा वास येत असेल, तर त्यातील ॲसेटिक आम्लही त्या कडेला बाधते.

स्नेह्यांच्या गॅलरीत हेच घडले होते. द्वारकेत वर्षानुवर्षे कूपनलिका आणि टँकर यांवर भिस्त होती, आणि या भागातले भूजल मचूळ आहे. त्या पाण्याने कठडा धुतला जाई. खोबणीला पाणी निचरून जाण्यास छिद्र नव्हते. कडेशी ओल कायम राही. तेजाबाने बाहेरचा चुना गेला, पण तेजाब त्याच खोबणीत उतरले आणि धातूलाही लागले.

येथे भय निर्माण करण्याचा हेतू नाही. कडेला पट्टा दिसला म्हणून काच उद्या कोसळते असे नाही. परंतु सांधलेल्या काचेचे सारे ब्रीद एवढेच आहे, की ती फुटली तरी सुटू नये. आणि ते ब्रीद राखणारा पापुद्रा जेथे काचेपासून सुटू लागतो तेथे तो आपले काम सोडू लागतो. आठव्या मजल्यावरील कठड्याला मुले टेकून उभी राहतात, हे विसरून चालणार नाही. म्हणून घर घेताना काच किती जाड आहे हे विचारावे, तसेच तिची कड कशी राखली आहे, पाणी कोठून निघून जाते आणि लुकण कोणते वापरले आहे, हेही विचारावे. सुरक्षित काचेसाठी आयएस २५५३ हे भारतीय मानक आहे. त्याची खूण पाहणे आपल्या हातचे आहे. धुण्यासाठी मवाळ साबणाचे पाणी आणि नंतर कोरडे फडके एवढे पुरते.

स्नेह्यांनी पुढील महिन्यात खोबणीला छिद्रे पाडून घेतली, आणि दोन तावदाने बदलली. जुने तावदान काढल्यावर आम्ही ते उन्हात धरून पाहिले. मधोमध ते आकाशासारखे स्वच्छ होते. जे काही बिघडले होते ते काठावर, जेथे कोणाचे लक्ष जात नाही तेथे. ओखामंडळच्या मिठातून ज्या सोड्याने आपल्याला काच मिळवून दिली, त्याच सोड्याची बाजू द्वारकेच्या मचूळ पाण्याने पुन्हा उघडी पाडली होती. पैसा फंडाच्या माणसांनी ती काच आपल्या भट्टीत आणण्यासाठी एकेक पैसा जमविला. तिची कड कोरडी ठेवणे, एवढे तरी आपल्याकडून व्हावे.