मोजमाप चुकलं नव्हतं, प्रश्न चुकला होता

संशोधनाची तयारी करताना तुम्हाला कोणीतरी सांगेलच, 'आधी प्रश्न नीट पकडा.' मलाही सांगितलं होतं. त्याचा अर्थ मला उमगला तो पोर्टल फ्रेमचा इतिहास वाचताना. म्हणून आज तोच सांगतो.

पोर्टल फ्रेम म्हणजे दोन खांब, त्यांवर एक तुळई आणि दोन्ही कोपऱ्यांचे सांधे पक्के. सांधे सैल असतील तर बाजूने ढकलल्यावर चौकट खिळखिळ्या खाटेसारखी तिरकी होते. ब्रिटनमध्ये एकमेकांना चिकटून बांधलेल्या जुन्या घरांची मागची भिंत काढून स्वयंपाकघर मोठं करतात, तेव्हा तिथे बऱ्याचदा अशी पोलादी चौकट बसवतात. कारण भिंत नुसतं वरचं वजन पेलत नसते, ती घराला कलंडूही देत नसते.

पण कोपरा पक्का केला की गणित अवघड होतं. १९२९ मध्ये ब्रिटनमध्ये स्टील स्ट्रक्चर्स रिसर्च कमिटी नेमली गेली. जॉन बेकर तिचे तांत्रिक अधिकारी होते. प्रत्यक्ष इमारतींच्या पोलादी सांगाड्यांवर मोजमापं घेतली, तर नेहमीच्या हिशेबातले ताण आणि मोजलेले ताण यांचा मेळच बसेना. म्हणजे आणखी बारीक हिशेब करायचा का?

बेकर यांनी प्रश्नच बदलला. 'प्रत्येक ठिकाणी ताण किती?' हे सोडून त्यांनी विचारलं, 'ही चौकट किती भाराला कोसळेल?' पोलाद एका जागी मर्यादेला पोहोचलं म्हणून लगेच तुटत नाही. तिथे ते बिजागरीसारखं वाकतं आणि वाढीव भार चौकटीच्या दुसऱ्या भागांकडे जातो. अशा पुरेशा बिजागऱ्या तयार झाल्या, तरच चौकट पडते. हा विचार अगदी नवा नव्हता बरं का. हंगेरीत गाबोर काझिंत्सी यांनी १९१४ मध्येच त्याची सुरुवात केली होती. बेकर यांनी तो चिकाटीने पुढे नेला.

त्याची परीक्षा झाली ती युद्धात. १९४१ मध्ये लंडनवर बॉम्ब पडत असताना घरात ठेवायचा मॉरिसन शेल्टर आला. त्याची रचना बेकर यांची. टेबलाएवढा पोलादी सांगाडा, बाजूंना जाळी. रात्री कुटुंबाने त्यात झोपायचं. तो पोर्टल फ्रेमचा चुलतभाऊच म्हणा. वरचा मजला अंगावर आला तर सांगाडा वाकला तरी चालेल, आतली माणसं वाचली पाहिजेत, एवढीच अपेक्षा. वाकण्यातच धक्क्याची ताकद जिरायची. जबर नुकसान झालेल्या ४४ घरांची पाहणी केली, तेव्हा अशा शेल्टरमधल्या १३६ जणांपैकी १२० जण गंभीर इजा न होता वाचले होते. तिघे मात्र दगावले. त्यांच्या घरावर थेट बॉम्ब पडला होता.

१९४८ मध्ये ब्रिटिश मानक बीएस ४४९ ने या पद्धतीने रचना करायला मुभा दिली, आणि पुढे पोर्टल फ्रेमसाठी ती रुळली.

आता तुमच्याकडे वळू. आकडे आणि सिद्धान्त जुळत नसतील तर उपकरण तपासा, हिशेब तपासा. तरीही जुळलं नाही, तर वहीचं पहिलं पान उघडा आणि तिथे लिहिलेला प्रश्न पुन्हा वाचा. तुम्हाला खरंच हेच जाणून घ्यायचं होतं का?