वाळीत टाकलेला दरोडेखोर

गावाने एखाद्यास वाळीत टाकले की त्याचे पाणी तुटे, न्हावी तुटे, सोयरीक तुटे. महाराष्ट्रात ही शिक्षा आज कायद्याने गुन्हा ठरली आहे, आणि ते योग्यच झाले. परंतु तिचे बळ कशात होते? गावावाचून त्या माणसाचे चालत नसे आणि सारे गाव एकदिलाने वागे, या दोन गोष्टींत. परक्यांचे संगणक फोडणाऱ्या राष्ट्रांवर सरकारे आर्थिक निर्बंध लादतात, त्यांनाही हीच कसोटी आपण लावून पाहू.

नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतील सोनी पिक्चर्स या चित्रपटसंस्थेचे संगणक फोडले गेले. उत्तर कोरियास दोषी धरून अमेरिकेने जानेवारी २०१५ मध्ये नवे निर्बंध घातले. पण अणुस्फोटापायी तो देश २००६ पासूनच संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांखाली होता. ज्याचा व्यापार आधीच तुटत आला, त्याचे आणखी काय तोडणार? उलट, राजमार्गाने परकी चलन मिळेना, तेव्हा तो आडवाटेच्या लुटीकडे वळला. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८ कोटी १० लक्ष डॉलर गेले. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यांतील बरीच रक्कम २८ देशांतील एटीएम यंत्रांतून काढली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने याही लुटीचा ठपका उत्तर कोरियावरच ठेवला. २०१९ मध्ये अमेरिकेने 'लाझारस' टोळीवर नाव घेऊन निर्बंध घातले. तरी फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या आभासी चलनाच्या पेढीतून सुमारे १५० कोटी डॉलर लुटले गेलेच, आणि अमेरिकी तपासयंत्रणेने पुन्हा त्याच देशाकडे बोट दाखविले.

चीनची गोष्ट निराळी. २०१५ मध्ये अमेरिका निर्बंधांची तयारी करीत असल्याची वार्ता पसरली. सप्टेंबरात शी जिनपिंग वॉशिंग्टनला आले, आणि व्यापारी गुपितांची चोरी करणार नाही, असे वचन उभय देशांनी दिले. काही काळ अशा चोऱ्या घटल्याही. २०१८ पर्यंत मात्र वचनभंगाची तक्रार सुरू झाली. धाक चालला तो एवढ्यासाठी, की चीनला अमेरिकेची बाजारपेठ हवी होती.

आणि गावाचे एकमत? मार्च २०२४ मध्ये रशियाने नकाराधिकार वापरला आणि ते तज्ज्ञमंडळच संपुष्टात आले.

तेव्हा आम्हांस वाटते, निर्बंध हे शस्त्र खरे; पण ज्याचे आपल्याकडे काही अडकले आहे, त्याच्यावरच ते चालते. इतरांसाठी आपल्या तिजोरीचे कुलूप आपणच भक्कम केले पाहिजे. पुण्यातील लूट झाली तेव्हा उत्तर कोरियावर निर्बंध होतेच. तिजोरी मात्र उघडली गेली.